नेव्हरलँडचे विश्वस्त : ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट बाल-रुग्णालयाची वाटचाल

लंडनच्या ब्लूम्सबरी भागात, ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवरील ४९ क्रमांकाच्या घरात १४ फेब्रुवारी १८५२ रोजी दहा खाटांचे एक रुग्णालय सुरू झाले. 'हॉस्पिटल फॉर सिक चिल्ड्रन' असे त्याचे साधे, सरळ नाव होते. केवळ मुलांसाठी चालणारे आणि मुलांना दाखल करून घेऊन उपचार देणारे इंग्लंडमधील हे पहिले रुग्णालय. पुढे पाऊणशे वर्षांनी या संस्थेच्या पदरी एक नाटक आले आणि त्या नाटकाबरोबर कधीच मोठा न होणारा एक मुलगा आला. आजारी मुले बरी व्हावीत आणि मोठी व्हावीत यासाठी झटणाऱ्या संस्थेकडे 'पीटर पॅन'चे पालकत्व यावे, हा योग विलक्षणच. ते पालकत्व या संस्थेने जवळपास शतकभर निभावले आहे. मूळ कथेला तिने अधिकृत उत्तरकथाही मिळवून दिली. रुग्णसेवेचा इतिहास तिच्या नावावर आहेच. बालसाहित्याच्या इतिहासातही तिचे एक पान आहे.

संस्थापक डॉ. चार्ल्स वेस्ट (१८१६–१८९८) यांचे वैद्यकीय शिक्षण बॉन, पॅरिस आणि बर्लिन येथे झाले. पॅरिसमध्ये मुलांचे स्वतंत्र रुग्णालय १८०२ पासून चालू होते. लंडनमध्ये तसे काहीच नव्हते, आणि इतर रुग्णालये लहान मुलांना दाखल करून घ्यायला नाखूश असत. १८४३ साली केलेल्या एका पाहणीत शहरातील सगळ्या रुग्णालयांत मिळून २,३६३ रुग्ण आढळले. त्यांत दहा वर्षांखालील मुले होती अवघी २६. त्याच सुमारास लंडनमध्ये दरसाल मरण पावणाऱ्या सुमारे ५०,००० माणसांपैकी २१,००० मुले याच वयाची असत. हे आकडे शेजारी-शेजारी ठेवले की वेस्ट यांच्या तळमळीचे कारण निराळे सांगावे लागत नाही. वॉटर्लू रोडवरील मुलांच्या ज्या दवाखान्यात ते काम करीत, त्याचेच रुग्णालय करावे हा त्यांचा पहिला प्रयत्न फसला. तरीही त्यांनी नाद सोडला नाही. डॉ. हेन्री बेन्स जोन्स यांच्या साथीने १८५० मध्ये समिती उभी राहिली, वर्गणी गोळा होऊ लागली आणि राणी ॲनचे वैद्य रिचर्ड मीड यांचे जुने घर संस्थेला मिळाले.

लेखकांशी या रुग्णालयाचे नाते जडले ते अगदी पहिल्याच वर्षी. चार्ल्स डिकन्स यांनी हेन्री मॉर्ली यांच्या जोडीने आपल्या 'हाउसहोल्ड वर्ड्स' साप्ताहिकात एप्रिल १८५२ मध्ये रुग्णालयावर लेख लिहिला. लेखाने सहानुभूती मिळाली, पैसा मात्र पुरेसा येईना. सहा वर्षांत तिजोरीचा तळ दिसू लागला. तेव्हा ९ फेब्रुवारी १८५८ च्या निधी-भोजनाच्या अध्यक्षपदी डिकन्स पुन्हा उभे राहिले. त्या रात्रीच्या भाषणाने सुमारे तीन हजार पौंड जमले. दोन महिन्यांनी त्यांनी 'अ ख्रिसमस कॅरल'चे जाहीर वाचन करून त्यात भर घातली. त्या पैशातून शेजारचे ४८ क्रमांकाचे घर विकत घेता आले आणि खाटा वीसवरून पंचाहत्तरवर गेल्या. पुढे 'अवर म्युच्युअल फ्रेंड' या कादंबरीतही डिकन्स यांनी मुलांच्या रुग्णालयाचा प्रसंग रंगवला. गोष्टी सांगणाऱ्या माणसाच्या शब्दावर रुग्णालयाच्या भिंती उभ्या राहू शकतात, हे संस्थेला असे फार लवकर कळले.

पुढची पन्नास वर्षे वाढीची होती. १८७० च्या दशकात नवी इमारत आणि तिच्यातील सुंदर प्रार्थनागृह बांधून झाले. मुलांच्या शुश्रूषेचे पद्धतशीर शिक्षण देण्याची सोय १८७८ मध्ये झाली. वेस्ट यांनी त्याआधीच, १८५४ मध्ये, आजारी मुलांची काळजी कशी घ्यावी यावर परिचारिकांसाठी छोटे पुस्तक लिहिले होते. विसावे शतक उजाडेपर्यंत रुग्णालयाचे नाव झाले होते. जागा मात्र अपुरी पडत होती आणि वर्गणीवर चालणाऱ्या कोणत्याही संस्थेप्रमाणे हात नेहमीच आखडता होता.

याच ब्लूम्सबरीत, रुग्णालयाच्या मागच्या बाजूच्या ग्रेनव्हिल स्ट्रीटवर, स्कॉटलंडमधून नुकतेच लंडनला आलेले एक तरुण लेखक काही काळ राहून गेले होते. जेम्स मॅथ्यू बॅरी (१८६०–१९३७) हे त्यांचे नाव. पीटर पॅन हे पात्र त्यांच्या 'द लिट्ल व्हाइट बर्ड' (१९०२) या मोठ्यांसाठीच्या पुस्तकात प्रथम अवतरले. त्याचे नाटक २७ डिसेंबर १९०४ रोजी ड्यूक ऑफ यॉर्क्स थिएटरमध्ये रंगमंचावर आले. १९११ मध्ये त्याच कथेची 'पीटर अँड वेंडी' ही कादंबरी झाली. केन्सिंग्टन गार्डन्समधील पीटरचा पुतळा १९१२ चा. बॅरींना स्वतःचे मूल नव्हते. केन्सिंग्टन गार्डन्समध्ये फिरताना भेटलेल्या लेवेलिन डेव्हिस कुटुंबातील मुलांसाठी त्यांनी या गोष्टी रचल्या आणि आई-वडील गेल्यावर त्या पाचही भावांचा सांभाळ केला. थोरला जॉर्ज १९१५ मध्ये फ्लँडर्सच्या रणभूमीवर पडला. मायकेल १९२१ मध्ये ऑक्सफर्डजवळ बुडून गेला. पुढे उत्तरकथेच्या संदर्भात हे आठवावे लागणार आहे.

उत्तरकथेची पहिली नोंदही बॅरींच्याच नावावर आहे. पीटरबरोबर नेव्हरलँड या बेटावर जाऊन आलेली वेंडी मोठी झाली, तिला मुलगी झाली आणि पीटर पुन्हा खिडकीशी आला, असा एक छोटा प्रवेश त्यांनी लिहिला. २२ फेब्रुवारी १९०८ रोजी, नाट्यहंगामाच्या अखेरच्या रात्री, तो रंगमंचावर झाला आणि बॅरींच्या हयातीत पुन्हा कधी झाला नाही. त्याचा गाभा मात्र १९११ च्या कादंबरीचे शेवटचे प्रकरण होऊन राहिला. म्हणजे ज्या कथेला पुढे जोड द्यावी की नाही यावर नंतर इतके वाद झाले, तिला पहिली जोड तिच्या कर्त्यानेच दिली होती. हे ध्यानात घेतले म्हणजे अधिकृत उत्तरकथा लिहवून घेण्याचे २००४ साली संस्थेने उचललेले पाऊल तितकेसे धाडसी वाटत नाही.

फाउंडलिंग हॉस्पिटल हा जुना अनाथाश्रम १९२० च्या दशकात शहराबाहेर गेला आणि रुग्णालयाच्या पाठीमागची मोठी जमीन विक्रीला आली. विस्तारासाठी ती हवी होती. निधी जमवण्याच्या समितीवर येण्याची विनंती १९२९ मध्ये बॅरींना करण्यात आली. त्यांनी समितीवर येण्यास नकार दिला. मात्र मदतीची दुसरी एखादी वाट सापडेल अशी आशा व्यक्त केली. दोन महिन्यांतच त्यांनी 'पीटर पॅन'चे सर्व हक्क रुग्णालयाला देऊन टाकले. एकरकमी देणगी न देता त्यांनी वाहता झरा दिला : नाटकाचा प्रत्येक प्रयोग, पुस्तकाची प्रत्येक प्रत आणि पुढे निघेल तो प्रत्येक चित्रपट यांतले मानधन आता मुलांच्या खाटांकडे येणार होते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नाटकातील नटमंडळी रुग्णालयात आली आणि लहान रुग्णांपुढे त्यांनी नाटकातील मुलांच्या खोलीचा प्रवेश केला. खुद्द बॅरी तेथे हजर होते. पुढल्या वर्षीच्या एका समारंभात त्यांनी गमतीने सांगितले, की पीटर स्वतः एकदा या रुग्णालयात आजारी पडून होता आणि ही छोटीशी गोष्ट करायला त्यानेच आपल्याला भाग पाडले.

या देणगीतून किती उत्पन्न मिळते ते कधीही जाहीर करू नये, अशी बॅरींची इच्छा होती. संस्थेने ती आजतागायत पाळली आहे. पाश्चात्त्य संस्था आपल्या देणग्यांचे आकडे दर्शनी भागात कोरतात. तिथे हे मौन उठून दिसते. १९ जून १९३७ रोजी बॅरी निवर्तले. मृत्युपत्रात त्यांनी देणगी पुन्हा पक्की केली होती. पुढल्याच वर्षी रुग्णालयाची साउथवुड ही नवी इमारत उघडली.

तेवढ्यात युद्ध आले. मुलांना लंडनबाहेर हलवावे लागले आणि १९४० च्या हवाई हल्ल्यांत इमारतीवर बॉम्ब पडला. तरी काम थांबले नाही. याच धामधुमीच्या उंबरठ्यावर, १९३९ मध्ये, वॉल्ट डिस्ने यांच्या कंपनीशी सचेतपटाच्या हक्कांचा करार झाला. चित्रपट पडद्यावर यायला मात्र १९५३ साल उजाडावे लागले. मराठी घरांतल्या बहुतेक मुलांची पीटर, टिंकर बेल आणि कॅप्टन हुक यांच्याशी ओळख याच चित्रपटाने आणि त्यावरच्या चित्रमय पुस्तकांनी करून दिली. दरम्यान १९४८ मध्ये रुग्णालय राष्ट्रीय आरोग्य सेवेत दाखल झाले. दैनंदिन खर्चाचा भार सरकारने उचलला आणि देणग्यांचा निधी विश्वस्तांकडे वेगळा राहिला. पीटर पॅनचे हक्क याच निधीत होते. सरकारी खर्चाला जिथे मर्यादा पडतात, तिथे हे उत्पन्न उपयोगी पडू लागले.

युद्धोत्तर काळातील वैद्यकीय कामगिरीची यादी मोठी आहे. त्यातली एकच नोंद येथे केली पाहिजे, कारण तिचा पुन्हा एका बालसाहित्यिकाशी संबंध आहे. १९६० च्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कमध्ये झालेल्या अपघातात लेखक रोआल्ड डाल यांच्या तान्ह्या मुलाच्या डोक्याला जबर इजा झाली. मेंदूभोवती साचणारे पाणी वाहून नेण्यासाठी बसवलेली झडप वारंवार तुंबू लागली. डाल यांनी नुसते हळहळत न बसता ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटचे मेंदू-शल्यविशारद केनेथ टिल आणि छंद म्हणून छोटी विमानइंजिने बनवणारे यंत्रज्ञ स्टॅनली वेड यांना एकत्र आणले. तिघांनी मिळून केलेली 'वेड–डाल–टिल' झडप १९६२ मध्ये वापरात आली. ती हजारो मुलांना बसवण्यात आली, आणि तिघांनीही तिच्यातून नफा घेतला नाही. डाल यांचा मुलगा तोपर्यंत इतका सुधारला होता, की त्याला तिची गरजच पडली नाही. 'चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी' त्यानंतर दोन वर्षांनी आली आणि तिची उत्तरकथा १९७२ मध्ये.

१९७९ मध्ये मुलांमधील अस्थिमज्जा-रोपणाला येथे सुरुवात झाली. उपचार पुढे धावत होते आणि इमारती मागे पडत होत्या. १९८० च्या दशकात जुन्या दालनांची अवस्था अशी झाली, की जगभरातून मुले येणाऱ्या या रुग्णालयात आई-वडिलांना रात्री पाठ टेकायलाही नीट जागा नव्हती. १९८७ मध्ये 'विशिंग वेल' या नावाने लोकांना आवाहन करण्यात आले. अश्रू ओघळणाऱ्या बालचेहऱ्याचे त्याचे बोधचिन्ह ब्रिटनमध्ये घरोघरी पोहोचले आणि ५४ दशलक्ष पौंड जमले. त्यातून उभी राहिलेली इमारत १९९४ मध्ये सुरू झाली. या बांधकामासाठी जुनी इमारत पाडताना तिच्या पोटातले प्रार्थनागृह मात्र काँक्रीटच्या तराफ्यावर उचलून अखंड बाजूला सरकवण्यात आले. संस्थेच्या स्वभावाशी ते जुळणारेच होते.

नेमके आवाहनाच्याच वर्षी, १९८७ मध्ये, दुसरे संकट दारात होते. ब्रिटिश कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षांनी स्वामित्वहक्क संपत असे. बॅरींची पन्नास वर्षे ३१ डिसेंबर १९८७ रोजी भरली. एकीकडे लोकांकडे पैसे मागायचे आणि दुसरीकडे हक्काचे उत्पन्न डोळ्यांदेखत आटताना पाहायचे, अशी विश्वस्तांची स्थिती झाली. येथे कॅलहन दांपत्याचे ऋण मान्य केले पाहिजे. ऑड्रे कॅलहन या विश्वस्त म्हणून रुग्णालयाशी अनेक वर्षे निगडित होत्या. त्यांचे पती, माजी पंतप्रधान जेम्स कॅलहन, तेव्हा उमराव सभेचे सदस्य होते. स्वामित्वहक्कांचा नवा कायदा संसदेपुढे होताच. कॅलहन यांनी त्यात दुरुस्ती सुचवली आणि ती मान्य झाली.

१९८८ च्या कायद्याचे ३०१ वे कलम आणि त्याचे सहावे परिशिष्ट यांनी रुग्णालयाला दिलेला हक्क जगात एकमेव म्हणावा असा आहे. ब्रिटनमध्ये 'पीटर पॅन' नाटकाचा जाहीर प्रयोग, त्याचे व्यावसायिक प्रकाशन किंवा प्रसारण झाले, तर त्याबद्दल रुग्णालयाला मानधन मिळेल, आणि त्याला मुदत नाही. मात्र हा हक्क पैशापुरता आहे. कोणाला नकार देण्याचा अधिकार त्यात नाही. शिवाय विश्वस्तांनी तो विकण्याचा किंवा तारण ठेवण्याचा प्रयत्न केला, तर तो तत्काळ संपतो. आजारी मुलांची शुश्रूषा हे रुग्णालयाचे काम चालू असेल, तोवरच तो बजावता येतो. एका बालनाट्याचा आणि एका रुग्णालयाचा संसार कायद्याच्या पुस्तकात असा नोंदला गेला. या कायद्याचे कौतुक करावे तेवढे थोडे आहे; मात्र त्याचा अंमल ब्रिटनच्या किनाऱ्यापर्यंतच होता, हेही येथे सांगायला हवे.

त्यानंतर युरोपीय नियमांप्रमाणे स्वामित्वहक्काची मुदत सत्तर वर्षे झाली. १९९६ मध्ये ब्रिटनने ती स्वीकारली आणि 'पीटर पॅन'चा संपलेला पूर्ण हक्क पुन्हा जिवंत झाला, तो २००७ च्या अखेरपर्यंत. अमेरिकेचे गणित निराळे होते. तेथे १९११ ची कादंबरी केव्हाच सर्वांसाठी खुली झाली होती. १९२८ मध्ये छापलेल्या नाट्यसंहितेचा हक्क मात्र २०२३ च्या अखेरपर्यंत शाबूत होता. एकच मुलगा, एकच बेट, आणि प्रत्येक देशात त्याची मालकी वेगळी.

या सीमारेषांवर चकमकी होणे अटळ होते. स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या 'हुक' (१९९१) या चित्रपटात पीटर मध्यमवयीन वकील झालेला दिसतो. डिस्नेने २००२ मध्ये आपल्या जुन्या चित्रपटाचा पुढचा भाग काढला. त्याच सुमारास कॅनडातील लेखिका एमिली सोमा यांनी पीटरच्या नव्या साहसाचे पुस्तक काढले. रुग्णालयाने हरकत घेतली, लेखिका अमेरिकेच्या न्यायालयात गेल्या आणि २००५ मध्ये प्रकरण तडजोडीने मिटले. डेव्ह बॅरी आणि रिडली पिअर्सन यांची 'पीटर अँड द स्टारकॅचर्स' (२००४) ही कादंबरी पीटरच्या पूर्वायुष्याची कथा सांगते. ती अमेरिकेत डिस्नेच्याच प्रकाशनसंस्थेने काढली आणि ती खपलीही भरपूर. तिच्या अमेरिकी विक्रीचा लाभ मात्र रुग्णालयाला झाला नाही. धर्मादाय संस्थेने लेखकांशी भांडावे हे काहींना रुचले नाही. पण विश्वस्ताला दिलदार होण्याची मुभा नसते. दुसऱ्याने विश्वासाने सोपवलेली ठेव त्याला राखायची असते, आणि या ठेवीचे धनी खाटांवर झोपलेले होते.

या सगळ्यातून २००४ चा निर्णय आकाराला आला. नाटकाचे पहिले शतक भरत होते आणि पूर्ण हक्काची शेवटची तीन वर्षे उरली होती. पीटरच्या पुढच्या गोष्टी लिहिल्या जाणार, हे उघड होते. मग त्यांतली एक गोष्ट रुग्णालयाच्या परवानगीने, रुग्णालयासाठी आणि उत्तम लेखकाच्या हातून का लिहिली जाऊ नये? यात व्यवहारी शहाणपणही होते. जुन्या पुस्तकाचा हक्क संपत आला तरी नव्या पुस्तकाचा हक्क नव्याने सुरू होतो. ऑगस्टमध्ये स्पर्धा जाहीर झाली. मूळ पात्रे आणि नेव्हरलँड कायम ठेवून लिहिलेले नमुन्याचे एक प्रकरण आणि कथेचा आराखडा, एवढे मागवण्यात आले. जगभरातून सुमारे दोनशे प्रवेशिका आल्या.

मार्च २००५ मध्ये जेराल्डिन मॅकॉक्रन यांचे नाव घोषित झाले. निवड विचारपूर्वक होती. मॅकॉक्रन यांना १९८८ चे कार्नेगी पदक मिळालेले होते, बालसाहित्याचा व्हिटब्रेड पुरस्कार त्यांनी तीनदा मिळवला होता, आणि जुन्या महाकथा मुलांसाठी नव्याने सांगण्याचा त्यांचा हात बसलेला होता. तरीही जबाबदारी लहान नव्हती. आपल्या नावाने लिहायचे आणि दुसऱ्याच्या आवाजाला न दुखावता लिहायचे, ही तारेवरची कसरत होती. 'पीटर पॅन इन स्कार्लेट' हे पुस्तक ५ ऑक्टोबर २००६ रोजी प्रसिद्ध झाले. ब्रिटनमध्ये ते ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने डेव्हिड वायट यांच्या चित्रांसह काढले. अमेरिकी आवृत्ती सायमन अँड शूस्टरची, तिच्यातली चित्रे स्कॉट फिशर यांची. इतर अनेक भाषांतील अनुवादही त्याच सुमारास आले. उत्पन्नात लेखिका आणि रुग्णालय दोघांचा वाटा ठरला.

पुस्तकाची गोष्ट १९२६ मध्ये घडते. नेव्हरलँडहून आणलेली 'हरवलेली मुले' आता पोक्त गृहस्थ झाली आहेत : कुणी डॉक्टर, कुणी न्यायाधीश. रोज रात्री त्यांना नेव्हरलँडची स्वप्ने पडतात आणि सकाळी अंथरुणात तलवारी, बाण, घड्याळे सापडतात. महायुद्धातील बॉम्बगोळ्यांनी दोन जगांमधल्या पडद्याला भोके पाडली आहेत, आणि तिकडचे इकडे गळते आहे. परत जायचे तर पुन्हा मूल व्हायला हवे. त्यासाठी ही मंडळी आपापल्या मुलांचे कपडे अंगावर चढवतात. त्यांच्यातल्या टूटल्सला फक्त मुलीच असल्याने त्याला मुलीचा झगा घालावा लागतो आणि तो राजकन्या टूटल्स होऊन उडतो. वेंडीचा धाकटा भाऊ मायकेल मात्र या सफरीत नाही. तो महायुद्धातून परतलाच नाही. जॉर्ज लेवेलिन डेव्हिस फ्लँडर्सला पडला, हे ज्याला माहीत आहे, त्याला ही एवढीशी नोंद ओलांडून पुढे जाणे जड जाते.

नेव्हरलँडमध्ये कायमचा उन्हाळा संपून पानगळ लागली आहे. पीटर हुकचा जुना तांबडा कोट चढवतो आणि हळूहळू हुकसारखा वागू लागतो; केस वाढतात, हुकूमशाही वाढते. त्याच्या सेवेला आलेला रॅव्हेलो हा सर्कसवाला म्हणजे उसवत चाललेल्या लोकरीच्या अंगरख्यातला माणूस. त्याची खरी ओळख जाणत्या वाचकाला पुढे होतेच. बॅरींनी १९२७ मध्ये ईटन शाळेत हुकच्या विद्यार्थिदशेवर एक विनोदी भाषण केले होते. मॅकॉक्रन यांनी तो विसरलेला धागा उचलून खलनायकाला एक शाळकरी दुःख दिले आहे. शेवटी पीटरचा जीव वाचवण्यासाठी 'हरवलेल्या मुलां'पैकी डॉक्टर झालेल्या कर्लीला पुन्हा डॉक्टर व्हावे लागते, म्हणजेच मोठे व्हावे लागते. उत्तरकथा असावी तर अशी. तिच्यात मूळ कथेची नक्कल नाही. मूळ कथेने अर्धवट सोडलेला प्रश्न, मोठे होण्याची किंमत काय आणि न होण्याची काय, ती पुढे नेते. रुग्णालयाने छापवलेल्या पुस्तकात मुलाला वाचवणारा डॉक्टर असणे हा हिशोबी योगायोग आहे अशी शंका कुणाला येईल. वाचताना ती येत नाही.

समीक्षकांचे मत सर्वत्र सारखे नव्हते. बॅरींचा तिरकस, थोडा क्रूर विनोद दुसऱ्या कुणाला साधणार नाही, असे म्हणणारे होते, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण अधिकृत उत्तरकथा हा प्रकार केवळ नावावर पैसे कमावण्यासाठी असतो, हा समज या पुस्तकाने खोडून काढला. तो समज खोडण्याची गरजही होती. जुन्या बालकथांना जोड देण्याची लाट तेव्हा उसळू पाहत होती. विल्यम हॉर्वुड यांनी 'द विंड इन द विलोज'ची पुढची गोष्ट 'द विलोज इन विंटर' (१९९३) आधीच लिहिली होती. 'स्कार्लेट'नंतर बरोबर तीन वर्षांनी, ५ ऑक्टोबर २००९ रोजी, डेव्हिड बेनेडिक्टस यांचे विनी-द-पूवरील 'रिटर्न टू द हंड्रेड एकर वुड' आले; तेही विश्वस्तांच्या परवानगीनेच. २०११ मध्ये फ्रँक कॉट्रेल-बॉइस यांनी 'चिटी चिटी बँग बँग' या उडत्या मोटारीला पुन्हा उडवले. केट साँडर्स यांनी २०१४ मध्ये ई. नेस्बिट यांच्या कथांतील मुलांना पहिल्या महायुद्धात नेले, आणि त्या पुस्तकाला कोस्टा पुरस्कार मिळाला. या सर्वांत साँडर्स यांचे पुस्तकच 'स्कार्लेट'च्या पंगतीला बसते; दोघींनीही जादूच्या जगाला युद्धाचा काळ जाणवू दिला आहे.

ब्रिटनमधील पूर्ण हक्क २००७ च्या अखेरीस संपला. तेथे कायमचे मानधन तेवढे उरले. त्यानंतर तेथे कोणालाही पीटरवर लिहिण्याची मोकळीक मिळाली, आणि लेखकांनी तिचा फायदा घेतला. नेव्हरलँडमधील आदिवासी राजकन्या टायगर लिली, वेंडी, अगदी हुक यांच्या बाजूने सांगितलेल्या कादंबऱ्या आल्या. बॅरींनी केलेले नेव्हरलँडमधील आदिवासींचे चित्रण आज खटकते आणि त्याची दुरुस्ती नवे लेखक आपापल्या परीने करत आहेत. 'अधिकृत' हा शिक्का मात्र आजही एकाच कादंबरीवर ठळकपणे दिसतो.

रुग्णालय दरम्यान वाढतच गेले. त्याच्या दाराशी २००० साली पीटरचा कांस्यपुतळा बसवला गेला आणि २००५ मध्ये त्याच्या हातावर टिंकर बेल आली. जन्मजात प्रतिकारशक्ती नसलेल्या बालकांवर जनुकोपचार करण्याचे काम येथे २००१ पासून सुरू आहे. भारतीय वंशाचे उद्योजक लक्ष्मी मित्तल यांच्या कुटुंबाने २००८ मध्ये दीड कोटी पौंड दिले. त्यांच्या नावाच्या वैद्यकीय केंद्राचा पहिला भाग २०१२ मध्ये उघडला. त्याच वर्षी २७ जुलैला लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनात खाटांवरची मुले, परिचारिका आणि डॉक्टर मैदानात उतरले, जे. के. रोलिंग यांनी 'पीटर पॅन'चा आरंभ वाचला आणि रुग्णालयाच्या नावाची इंग्रजी आद्याक्षरे दिव्यांनी उजळली. मुलांच्या दुर्मीळ आजारांवरील झायेद संशोधन केंद्र २०१९ मध्ये सुरू झाले. २०२२ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने ग्रासलेल्या एका तेरा वर्षांच्या मुलीवर जनुकातील एकेक अक्षर बदलून तयार केलेल्या पेशींचा उपचार जगात पहिल्यांदा येथे झाला. येथे अपघात विभाग नाही. इतरत्र निदान न झालेली आणि उपाय न सापडलेली मुले येथे पाठवली जातात.

अमेरिकेतील नाट्यसंहितेचा हक्कही ३१ डिसेंबर २०२३ रोजी संपला. १९२९ मध्ये बॅरींनी दिलेल्या ठेवीचा परदेशातील हिस्सा त्या दिवशी बहुतांशी आटोपला. ब्रिटनमधील प्रयोगांचे मानधन सहाव्या परिशिष्टाप्रमाणे चालू आहे. दर ख्रिसमसला कुठल्या ना कुठल्या गावात हुक आणि पीटर तलवारी उपसतात आणि त्यातला वाटा ब्लूम्सबरीत जमा होतो. 'पीटर पॅन इन स्कार्लेट'चा हक्क मात्र लेखिकेच्या हयातीनंतरही सत्तर वर्षे टिकणार आहे.